यंत्राचे बुद्धिबळ : किती खोल पाहावे?

कुंभकोणम म्हटले म्हणजे आपल्याला कावेरीकाठची देवळे, महामहमचे सरोवर आणि श्रीनिवास रामानुजन यांचे बाळपण आठवते. पण बुद्धिबळाच्या गणिताच्या इतिहासातही या गावाला एक छोटीशी जागा आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. रामानुजन यांचे स्नेही व गुणग्राहक प्रा. हार्डी यांनी १९४० साली त्यांच्या कार्यावर व्याख्यानांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. अतिशय मोठ्या संख्यांची कल्पना वाचकाला यावी म्हणून त्यात त्यांनी दोन उदाहरणे दिली आहेत. विश्वातील प्रोटॉन कणांची संख्या लिहावयाची तर एकावर सुमारे ८० शून्ये पुरतात. बुद्धिबळाचे किती निरनिराळे डाव संभवतात हे लिहावयाचे तर मात्र एकावर इतकी शून्ये द्यावी लागतील, की त्या शून्यांची गणतीच एकावर ५० शून्ये इतकी भरेल! कुंभकोणमच्या शाळेत शिकलेल्या एका मुलाची थोरवी सांगताना त्याच्या स्नेह्याला बुद्धिबळाचा पट आठवावा, हा योग मोठा सूचक आहे.

या प्रदेशाला बुद्धिबळाचे तसे अप्रूप नाही. कुंभकोणमहून मन्नारगुडीकडे जाताना नीडामंगलमजवळ तिरुप्पूवनूर नावाचे गाव लागते. तेथील शंकराचे नावच मुळी 'चतुरंग वल्लभनाथ'. बुद्धिबळात कोणालाही हार न जाणाऱ्या एका राजकन्येला शंकराने वृद्धाच्या वेषात येऊन हरविले आणि मग तिचे पाणिग्रहण केले, अशी तेथील स्थलकथा आहे. पाच वेळा जगज्जेतेपद मिळविणारे विश्वनाथन आनंद यांचा जन्म १९६९ साली झाला, तो कुंभकोणमच्या पूर्वेस असलेल्या मयिलाडुतुरै येथे. आणि मराठी माणसाला तर हा मुलूख परका नाहीच. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला राज्य स्थापले, तेव्हापासून तेथे मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आली. त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव हे १८२८ साली जन्मले ते कुंभकोणमलाच. दक्षिणेतील बुद्धिबळाची विद्या महाराष्ट्रात छापूनही निघाली. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथातील डावांच्या स्थितींचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईस प्रसिद्ध झाले. 'अमुक चालींत मात करा' हा जो कूटप्रश्नांचा प्रकार आपण जुन्या मासिकांतून पाहतो, त्याचाच तो संग्रह होता.

'अमुक चालींत मात' या तीन शब्दांतच आजच्या विषयाचे बीज आहे. किती चाली पुढचे पाहावयाचे, हे कूटप्रश्नात आधी ठरवून दिलेले असते. प्रत्यक्ष डावात ते कोणी ठरवून देत नाही. मग माणसाने, किंवा माणसाने घडविलेल्या यंत्राने, किती खोल पाहावे? आणि खोल पाहिले असे जेव्हा यंत्र सांगते, तेव्हा त्यावर विश्वास कसा ठेवावा? गेली पाऊणशे वर्षे या प्रश्नाशी गणिती, अभियंते आणि घरच्या घरी बुद्धिबळाची आज्ञावली लिहिणारे हौशी लोक झगडत आले आहेत. त्या झगड्याची ही हकीकत आहे.

पटाच्या पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे मागणाऱ्या चतुर माणसाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. चौसष्ट घरांचे मिळून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात आणि राजाची कोठारे रिती पडतात. त्या गोष्टीत प्रत्येक पायरीला फक्त दुप्पट होते. बुद्धिबळाच्या डावात मात्र प्रत्येक पायरीला सुमारे तीस पट होते. कारण साधारण स्थितीत खेळणाऱ्यापुढे तीसएक वाटा मोकळ्या असतात. एका पक्षाच्या एका हालचालीला आपण येथे 'खेळी' म्हणू. पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक अशा दोन खेळ्या पाहावयाच्या तर सुमारे हजार स्थिती होतात, चार खेळ्यांच्या दहा लाख, सहांच्या शंभर कोटी. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हाच हिशेब मांडला. चाळीस चालींच्या डावाच्या सर्व शक्यता एकावर १२० शून्ये इतक्या होतात. सेकंदाच्या दशलक्षांश भागात एक शक्यता तपासणारे यंत्र असले तरी पहिल्या चालीचा निर्णय द्यावयास त्याला एकावर ९० शून्ये इतक्या वर्षांहून अधिक काळ लागेल. तेव्हा कोठे तरी थांबणे प्राप्तच आहे. थांबावयाचे, समोरच्या स्थितीची किंमत अंदाजाने ठरवावयाची, आणि ती किंमत एकेक पायरी मागे आणून पहिल्या चालीचा निर्णय करावयाचा, हा मार्ग शॅनन यांनी घालून दिला. आजही यंत्रे त्याच मार्गाने चालतात.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ॲलन ट्युरिंग यांनी बुद्धिबळ खेळण्याचे नियम कागदावर उतरविले. ते चालवू शकेल असे यंत्र त्यांच्या हाताशी नव्हते. म्हणून १९५२ साली ते स्वतःच यंत्र झाले. समोर ॲलिक ग्लेनी हे सहकारी बसले आणि ट्युरिंग नियमांप्रमाणे एकेका खेळीचा हिशेब पेन्सिलीने करू लागले. एका चालीस सुमारे अर्धा तास लागे. एकोणतिसाव्या चालीला कागदी यंत्र हरले. घरी घडविलेल्या बुद्धिबळयंत्रांचा हा आद्य पुरुष म्हणावयास हरकत नाही. पुढे कित्येक वर्षांनी जेव्हा ट्युरिंग यांचे नियम खऱ्या संगणकावर चढविण्यात आले, तेव्हा काही ठिकाणी संगणकाची चाल आणि डावात नोंदलेली चाल जुळेना. शोध घेता असे दिसून आले, की कागदावर हिशेब करताना ट्युरिंग काही जागी आपल्याच नियमांपासून ढळले होते. नियम एक आणि अंमल दुसरा, ही व्याधी यंत्रशास्त्राइतकीच राज्यकारभारालाही परिचयाची आहे. परंतु लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की त्या डावात कोणालाही काही चुकले असे वाटले नव्हते. प्रत्येक चाल खेळाच्या नियमांना धरूनच होती.

यंत्रे प्रत्यक्षात आल्यावर खोलीची टंचाई तीव्रतेने जाणवू लागली. १९५६ साली लॉस अलामोस येथे मॅनिॲक यंत्रावर जो खेळ झाला, त्यात उंट काढून टाकले होते आणि पट सहा गुणिले सहा घरांचा केला होता; तरीही चार खेळ्या पाहून चाल द्यावयास दहाबारा मिनिटे लागत. अॅलेक्स बर्नस्टीन यांनी पुढल्या एकदोन वर्षांत आयबीएमच्या यंत्रावर पूर्ण पट घेतला, पण प्रत्येक पायरीला फक्त सात होतकरू चाली निवडल्या. सातांचा चौथा घात २,४०१; एवढ्या स्थिती त्या यंत्राला झेपत. धोका उघड आहे. निवडीतून सुटलेली आठवी चालच जर खरी असली, तर पुढची सारी खोली व्यर्थ.

यावर जो तोडगा निघाला तो बुद्धीला खरोखर समाधान देणारा आहे. कचेरीत एखादा अर्ज मुदतबाह्य ठरला, की त्यातील मागण्यांचे गुणदोष कोणी तपासत बसत नाही. त्याचप्रमाणे एखाद्या चालीला प्रतिपक्षाकडून एकच जबर उत्तर सापडले आणि ती चाल आधी तपासलेल्या चालीहून वाईट आहे एवढे ठरले, की ती नेमकी किती वाईट आहे हे पाहण्याचे कारण उरत नाही. या युक्तीला अल्फा-बीटा छाटणी असे नाव पडले. कनूथ व मूर यांनी १९७५ साली तिचा गणिती ताळेबंद मांडला. दर पायरीस तीस चाली आणि चार खेळ्या धरल्या तर एकूण ८,१०,००० टोके होतात. चांगल्या चाली आधी तपासल्या गेल्या तर यांपैकी अवघी १,७९९ पाहून तोच निर्णय हाती येतो. तेवढ्याच श्रमात खोली जवळजवळ दुप्पट! मात्र यातील 'तोच निर्णय' हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

खोली वाढली, तरी एक दोष जाईना. हान्स बर्लिनर हे पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचे जगज्जेते होते आणि संगणकशास्त्राचे अभ्यासकही. त्यांनी १९७३ साली या दोषाला 'क्षितिजाचा परिणाम' असे नाव दिले. समजा, यंत्राचा उंट शत्रूच्या कोंडीत सापडला आहे. तो आज ना उद्या जाणार. यंत्र पाच खेळ्या पाहते. आपण एक प्यादे पुढे करून शत्रूला ते मारावयास लावले, तर दोन खेळ्या त्यात खर्च होतात आणि उंटाचे मरण सहाव्या-सातव्या खेळीवर, म्हणजे क्षितिजापलीकडे, जाते. यंत्राला वाटते, एका प्याद्याच्या मोलात उंट वाचला! पुढच्या पाळीस ते आणखी एक प्यादे देते. अखेर प्यादी जातात आणि उंटही जातो. संकट टळले आणि संकट दिसेनासे झाले, यांतील भेद यंत्राला कळत नाही. आणि केवळ यंत्रालाच कळत नाही असेही नव्हे.

यावरील उपाय शॅनन आणि ट्युरिंग या दोघांनीही आरंभीच ओळखला होता. मारामारी चालू असताना हिशेब थांबवू नये. वजिराने प्यादे मारले त्या क्षणी मोजले तर एका प्याद्याचा नफा दिसतो. पुढची एक खेळी पाहिली तर वजीरच गेलेला असतो. म्हणून ठरलेल्या खोलीवर पोचल्यावरही स्थिती शांत होईपर्यंत मारण्याच्या खेळ्या तेवढ्या पुढे तपासावयाच्या. याचा अर्थ असा, की योग्य खोली ही एक संख्या नसून स्थितीचा एक गुण आहे. कोठे तीन खेळ्या पुरतात, कोठे तेरा अपुऱ्या पडतात.

१९७६ साली कॅनडात पीटर जेनिंग्स यांनी सुमारे एक किलोबाइट स्मृती असलेल्या लहानशा यंत्रावर बुद्धिबळाची आज्ञावली बसविली, आणि हा उद्योग प्रयोगशाळेतून घरात आला. आज तर कोणीही महाविद्यालयीन विद्यार्थी आपल्या टेबलावरील संगणकात असे यंत्र घडवितो. पण घडविणे आणि ते निर्दोष करणे यांत मोठे अंतर आहे. इतर आज्ञावलींत चूक झाली म्हणजे काम अडते, आकडे विपरीत येतात. बुद्धिबळाचे यंत्र चूक असतानाही खेळत राहते, नियमाप्रमाणे खेळते, नवशिक्याला हरवितेही. एवढेच, की आठ खेळ्या पाहिल्याचे ते सांगते आणि तीन खेळ्यांवरची मात त्याला दिसत नाही.

असा दोष शोधावयाची जी रीत या लोकांनी बसविली, ती आपल्याकडील जुन्या दफ्तरांतील ताळा पाहण्याच्या रीतीशी फार मिळतीजुळती आहे. प्रथम यंत्राला खेळावयास न लावता नुसते मोजावयास लावतात. आरंभीच्या स्थितीपासून एका खेळीत किती वाटा? २०. दोन खेळ्यांत ४००, तिसरीला ८,९०२, चौथीला १,९७,२८१, पाचवीला ४८,६५,६०९. हे आकडे जगभर पडताळून पक्के झालेले आहेत. घरच्या यंत्राचा आकडा यांहून एकानेही कमी वा अधिक आला, तर कोठे तरी नियमच चुकीचा लिहिला गेला आहे हे निश्चित. मग तालुक्यांचे आकडे वेगळे काढून जिल्ह्याच्या बेरजेतील चूक हुडकावी, त्याप्रमाणे वीस पहिल्या चालींची वीस पोटबेरजा काढतात. जिची बेरीज जुळत नाही तीच फांदी धरून एक पायरी खाली उतरतात, पुन्हा पोटबेरजा घेतात आणि शेवटी दोष असलेल्या एका स्थितीशी येऊन पोचतात.

या मोजणीत एक बोधप्रद गोष्ट आढळते. चार खेळ्यांपर्यंत आकडा जुळला म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. दोन घरे पुढे गेलेल्या प्याद्याला जाता जाता मारण्याचा जो नियम आहे, त्याचा प्रसंगच आरंभस्थितीपासून पाचव्या खेळीपूर्वी येत नाही. राजा आणि हत्ती यांची किल्लेकोटाची चाल सातव्या खेळीच्या आधी शक्य नाही. प्यादे शेवटच्या घरी पोचून वजीर होणे तर नवव्या खेळीच्या आत घडूच शकत नाही. तेव्हा या नियमांतील चूक वरच्या पायऱ्यांवर निवांत झोपून राहते. तिला जागे करावयाचे तर जिच्यात हे सारे प्रसंग पहिल्याच खेळीत उभे राहतील अशी मुद्दाम रचलेली स्थिती घ्यावी लागते.

नियम जुळले म्हणजे शोधाची पाळी. येथील दोष अधिक लबाड असतात. स्थितीची किंमत नेहमी पांढऱ्याच्याच बाजूने मोजली आणि ज्याची पाळी त्याच्या बाजूने ती फिरवून घेतली नाही, तर पांढऱ्याकडून खेळणारे यंत्र सम खोलीवर शहाण्यासारखे खेळते आणि विषम खोलीवर वेड्यासारखे. चार खेळ्या पाहणाऱ्या यंत्राने पाच पाहताच भ्रमिष्टासारखे वागावे, हे दिसले की जाणता मनुष्य खोलीला दोष न देता चिन्ह तपासतो. दुसरा प्रकार वेळेचा. यंत्र आधी एक, मग दोन, मग तीन अशी खोली वाढवीत जाते. सातव्या खोलीच्या मध्यावर वेळ संपला आणि तेथील अर्धवट आकडा निर्णय म्हणून उचलला, तर घात होतो. पूर्ण झालेल्या सहाव्या खोलीचा निकालच ग्राह्य धरावा लागतो. अपुऱ्या चौकशीचा अहवाल अंतिम समजू नये, हाच तो नियम.

तिसरा प्रकार स्मृतीचा. एकच स्थिती निरनिराळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा येते. म्हणून तिचा निकाल टिपून ठेवतात. त्यासाठी स्थितींना क्रमांक देण्याची युक्ती आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० साली सुचविली. परंतु निकालासोबत तो किती खोल पाहून दिला हे टिपले नाही, तर दोन खेळ्यांचा उथळ निकाल आठ खेळ्यांच्या शोधात प्रमाण मानला जातो. आणि मातेचे अंतर नीट नोंदले नाही, तर मोठीच गंमत होते. यंत्राला तीन चालींवर मात दिसते. पण 'आता तीन चालींत' आणि 'नंतर तीन चालींत' या दोहोंची किंमत त्याच्या लेखी सारखीच असते. ते प्रत्येक पाळीस मात दिसत असल्याचे सांगते आणि प्रत्येक पाळीस ती पुढे ढकलते. निर्णय पक्का, अंमलबजावणी मात्र कधीच नाही!

या सर्व दोषांना एकच कसोटी लागू पडते. वर ज्या 'तोच निर्णय' या शब्दांकडे लक्ष वेधले होते, ते येथे उपयोगी येतात. छाटणी न करता, काही टिपून न ठेवता, साध्या व मंद रीतीने तीन-चार खेळ्या पाहणारी एक आज्ञावली शेजारी ठेवावी. तेवढ्याच खोलीवर छाटणी करणाऱ्या चलाख आज्ञावलीने हुबेहूब तीच किंमत दिली पाहिजे. दिली नाही तर चलाखी खोटी. चलाखीला साधेपणाचा जामीन हवा, असे हे तत्त्व सांगता येईल.

खोलीविषयीच्या भ्रमाचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र घरच्या यंत्राचे नाही. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएमचे डीप ब्ल्यू यांचा सहा डावांचा सामना झाला. ते यंत्र सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासू शके. पहिला डाव कास्पारोव्ह यांनी जिंकला. पण त्या डावात चव्वेचाळिसाव्या चालीस यंत्राने हत्तीची एक निरर्थक चाल केली होती. ती चाल आज्ञावलीतील दोषामुळे घडली, हे यंत्राच्या निर्मात्यांनी मागाहून सांगितले. उलट कास्पारोव्ह यांच्या गोटात, यंत्राला फार दूरवरचा पराभव दिसला असावा म्हणूनच त्याने नेहमीची चाल टाळली, असा अर्थ लावला गेला, असे पुढे लिहिले गेले. दुसऱ्या डावात कास्पारोव्ह यांनी जी स्थिती हरलेली समजून सोडून दिली, तीत बरोबरीची वाट होती असे विश्लेषकांनी नंतर दाखविले. अखेर साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी सामना यंत्राने जिंकला. एका दोषाने किती काम केले हे कोणी तोलू शकणार नाही. तरी एवढे खरे, की जेथे यंत्र चुकले होते तेथे मनुष्याने खोली पाहिली.

यंत्रांनी आता माणसाला पुष्कळच मागे टाकले आहे. आनंद यांच्यापासून २०२४ साली जगज्जेता झालेल्या गुकेशपर्यंत आणि २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखपर्यंत सारेच खेळाडू यंत्राला गुरुस्थानी मानून अभ्यास करतात. बुद्धिबळाबाहेरही यंत्रांचा सल्ला रोजच्या कारभारात शिरला आहे. पडद्यावर 'इतके खोल पाहिले' असा आकडा येतो आणि पाहणाऱ्याचे मन नकळत झुकते. अशा वेळी घरच्या घरी यंत्र घडविणाऱ्या त्या हौशी मंडळींचा धडा स्मरणात ठेवण्याजोगा आहे. खोलीचा आकडा हा पुरावा नव्हे. तो एक दावा आहे. कोठे थांबला, थांबला तेथे स्थिती शांत होती काय, काम पुरे केले की अर्धवट सोडले, आणि साध्या हिशेबाशी ताळा जुळतो काय, हे चार प्रश्न विचारल्याखेरीज तो दावा मान्य करू नये. आणि हे चार प्रश्न विचारण्यास फार मोठे यंत्र लागत नाही. कागद, पेन्सिल आणि थोडा धीर असला, की पुरे.